चाकांवरची निवृत्ती

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील ॲरिझोना राज्यात क्वार्टझसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याची कायमची वस्ती चार हजारांच्या आतच आहे. उन्हाळ्यात तेथील वाळवंट असे तापते की, रस्त्यावर चिटपाखरू दिसू नये. परंतु शरद ऋतू उजाडला की उत्तरेकडून गाड्यांची रीघ लागते आणि जानेवारीपर्यंत गावाभोवतीच्या उघड्या माळावर हजारो फिरत्या घरांचे एक नगरच वसते. त्यांतील एखादे घर बसगाडीएवढे लांब असते. त्यात शयनगृह, स्वयंपाकघर, स्नानगृह, शीतपेटी अशी सारी सोय असते. दुसरे म्हणजे केवळ एक जुनी व्हॅन असते. मागच्या भागात गादी अंथरलेली आणि खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले. या नगरातले पुष्कळसे रहिवासी साठी ओलांडलेले असतात. वसंत सरून ऊन चढू लागले की सारे पांगतात आणि माळ पुन्हा मोकळा होतो.

'रिक्रिएशनल व्हेईकल' अथवा नुसतेच 'आर. व्ही.' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोटारघरांत निवृत्तीनंतरचे सारे आयुष्य घालविणाऱ्या अमेरिकनांविषयी दोन प्रकारचे लेखन सातत्याने होत आले आहे. एका प्रकारात ही माणसे मुक्त जीवनाची उपासक ठरतात. आयुष्यभर नोकरीच्या घाण्याला जुंपलेल्या दांपत्याने घर विकले, सामान वाटून टाकले आणि सूर्यास्ताच्या दिशेने गाडी हाकली, असे ते चित्र असते. दुसऱ्या प्रकारात हीच माणसे अर्थव्यवस्थेने रस्त्यावर आणलेली निराधार म्हातारी म्हणून समोर येतात. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत, कारण त्या माळावर ही दोन्ही माणसे शेजारी-शेजारीच उतरलेली असतात. एकच जीवनपद्धती एकाला चैन आणि दुसऱ्याला आसरा का ठरते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबात अधिक सापडते.

स्थिर उत्पन्नाची भटकंती

उतारवयात घरदार मागे टाकून निघावे, ही कल्पना भारतीय मनाला नवी नाही. वानप्रस्थाश्रमाची योजनाच मुळी तशी आहे. परंतु वानप्रस्थाला निघणाऱ्याच्या मागे कर्त्या मुलांचे नांदते घर गृहीत धरलेले होते. अमेरिकन वृद्धाच्या भटकंतीमागे असे घर बहुधा नसते. त्या घराची जागा तेथे शासनाने घेतली. महामंदीने लक्षावधी वृद्धांची पुंजी धुऊन नेल्यानंतर, १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याखाली दरमहा निवृत्तिवेतनाचा पहिला धनादेश जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँट राज्यातील आयडा मे फुलर यांना मिळाला. रक्कम होती २२ डॉलर ५४ सेंट. १९६५ मध्ये पासष्टीवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही आरोग्यविमा योजना आली आणि १९७५ पासून निवृत्तिवेतन महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढू लागले.

या तीन तरतुदींचा एकत्रित परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. मुलांच्या आधाराने जगणाऱ्या वृद्धाला मुलांजवळ राहावे लागते. शेतीच्या उत्पन्नावर जगणाऱ्याला शेताजवळ राहावे लागते. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात हाती पडणारी आणि मरेपर्यंत न चुकणारी रक्कम ज्याला मिळते, त्याला मात्र कोठेही राहता येते. वार्धक्याला चाके लावता आली ती या स्थैर्यामुळे. पुढचे सारे त्यामागोमाग आले. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरच्या, आंतरराज्य महामार्गांची योजना हाती घेतली गेली. १९६० च्या पहिल्या दिवशी ॲरिझोनात 'सन सिटी' ही खास निवृत्तांची वसाहत खुली झाली आणि निवृत्ती हा विश्रांतीचा व करमणुकीचा काळ आहे, ही कल्पना बाजारात विक्रीस आली. १९६२ मध्ये माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे 'के. ओ. ए.' या तळांच्या साखळीचा आरंभ झाला. आयोवा राज्यातील 'विनेबागो' कंपनीने १९६६ पासून मोटारघरे मोठ्या प्रमाणावर बनविण्यास प्रारंभ केला आणि मध्यमवर्गीय कुटुंबालाही ती आवाक्यात वाटू लागली.

या स्थित्यंतराची साक्ष एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत मिळते. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीतील ओक्लाहोमाचे शेतकरी कुटुंब जमीन गेल्यामुळे एका मोडक्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघते. त्याच स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, मालमोटारीवर बसविलेल्या घरातून देश पाहण्यासाठी प्रवास केला आणि त्यावरील पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. रस्ता तोच, गाडीत संसारही तसाच. परंतु पहिल्या प्रवासात नाइलाज होता आणि दुसऱ्यात हौस. मधल्या वीस वर्षांत अमेरिकन रस्त्याचा अर्थच पालटला होता. चिंतेची गोष्ट अशी की, एकविसाव्या शतकात तो पुन्हा जुन्या अर्थाकडे वळू लागला आहे.

एकाच माळावरचे दोन वर्ग

मोटारघरांच्या जगातही वर्गव्यवस्था आहे आणि ती दुरूनही ओळखू येते. सर्वांत वर आहेत ती डिझेलवर चालणारी बसगाडीसारखी मोटारघरे. नव्या गाडीची किंमत सहज दोन-तीन लाख डॉलरपर्यंत जाते. ती लिटरमागे तीन-चार किलोमीटरच धावते आणि बाजारहाटासाठी मागे एक लहान मोटारही ओढून नेते. तिचे मालक वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी असलेल्या तळांवर महिनोन्‌महिने भाडे भरून राहतात. हिवाळा टेक्सासच्या रिओ ग्रँड खोऱ्यात, फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात, तर उन्हाळा माँटाना किंवा मिशिगनमध्ये काढतात. त्यांच्यापैकी अनेकांचे गावी एक घरही शाबूत असते. त्यांच्या लेखी मोटारघर हा घराला पर्याय नसून घराची एक ऋतुमानानुसार हलणारी खोलीच असते.

याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या व्हॅनमध्ये किंवा ओढून नेण्याच्या लहान गाडीत राहणारे एकटे वृद्ध आहेत. त्यांचा आधार म्हणजे सरकारी जमीन. अमेरिकेच्या 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या संघीय खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहूनही ती अधिक भरते. पश्चिमेकडील राज्यांतील या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवस विनामूल्य मुक्काम करता येतो. त्यानंतर तळ हलवावा लागतो. क्वार्टझसाइटजवळ दीर्घ मुक्कामासाठी राखलेले क्षेत्र आहे. तेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांच्या परवान्याला अनेक वर्षे अवघे १८० डॉलर पडत असत. ६२ वर्षांवरील नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांत आयुष्यभर प्रवेश देणारा पास २०१७ पर्यंत दहा डॉलरना मिळे. त्या वर्षी तो ८० डॉलरचा झाला. सरकारी तळांवरील मुक्कामाच्या शुल्कातही या पासावर पुष्कळ ठिकाणी निम्मी सूट मिळते.

या राहणीतील कष्टांची कल्पना छायाचित्रांवरून येत नाही. पिण्याचे पाणी दूरवरून भरून आणावे लागते, मैल्याची टाकी ठराविक जागी नेऊन स्वतःच रिकामी करावी लागते, छतावरील सौरपट्टीने दिवसभरात जेवढी वीज साठवली असेल तेवढीच रात्री वापरावी लागते. गाडी बिघडली की वाहन आणि घर दोन्ही एकदम जातात. तरीही तेथील शेजारधर्माचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत आणि ते अकारण नाही. एकाची दुरुस्तीची हत्यारे, दुसऱ्याचे शिजवलेले अन्न आणि तिसऱ्याची रात्रीची सोबत यांवर हा समाज उभा असतो. मात्र व्यक्तिस्वातंत्र्याचा परमोच्च नमुना म्हणून ज्याचा गौरव होतो, ते हे जीवन सरकारी जमीन, सरकारी रस्ते, सरकारी निवृत्तिवेतन आणि सरकारी विमा या चार खांबांवर उभे आहे, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

जोखीम कोणी घ्यायची?

मग एक वृद्ध वरच्या वर्गात आणि दुसरा खालच्या वर्गात का पडतो? दोघांच्या काटकसरीत किंवा कर्तबगारीत फरक असेलही. परंतु गेल्या चार-पाच दशकांत अमेरिकेतील निवृत्तीच्या अर्थव्यवस्थेत जो मूलभूत बदल झाला, त्याकडे पाहिल्यावाचून हा भेद उलगडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या कारखान्यांतील आणि कंपन्यांतील अनेक कामगारांना शासनाच्या निवृत्तिवेतनाखेरीज मालकाकडूनही ठराविक मासिक वेतन मिळे. वेतन किती मिळणार हे आधी ठरलेले असे. ते देण्यासाठी पैसा कसा उभा करायचा आणि बाजार पडला तर काय करायचे, ही चिंता मालकाची असे. अशा योजनांतील कामगारांच्या संरक्षणासाठी १९७४ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला.

१९७८ च्या महसूल कायद्यातील एका कलमाने, ज्याच्या क्रमांकावरून '४०१-के' हे नाव रूढ झाले, या व्यवस्थेचा प्रवाह उलटा फिरवला. या पद्धतीत मिळणाऱ्या वेतनाची हमी नसते. भरावयाची वर्गणी तेवढी ठरते. कामगाराने पगारातून रक्कम बाजूला काढायची, मालकाने काही भर घालायची आणि ती रक्कम रोखे-बाजारात गुंतवायची. निवृत्त होताना जे हाती येईल ते त्याचे. बाजार चढला तर लाभ त्याचा, पडला तर तोटाही त्याचाच. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर दीर्घायुष्याची, महागाईची आणि बाजाराच्या चढउतारांची जोखीम मालकाच्या खांद्यावरून उतरून ती पेलण्यास सर्वांत असमर्थ अशा व्यक्तीच्या खांद्यावर आली. अनेकांच्या खात्यात तर भरण्यासारखी रक्कम कधी उरलीच नाही.

ही जोखीम प्रत्यक्षात किती मोठी होती ते २००८ मध्ये दिसले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था दिवाळखोरीत गेली. घरांच्या किमती त्यापूर्वीच घसरू लागल्या होत्या. तरुणाला अशा मंदीतून सावरण्यास वीस-तीस वर्षे मिळतात. साठीला आलेल्याची नोकरी गेली, घर कर्जात बुडाले आणि बचत घटली, तर त्याला पुन्हा आरंभ करावयास वेळच नसतो. अशांपैकी अनेकांनी शासकीय निवृत्तिवेतन लवकर घेण्याचा मार्ग पत्करला. १९६० वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६७ आहे. ते ६२ व्या वर्षीच सुरू केल्यास रक्कम ३० टक्क्यांनी कमी होते आणि ही कपात आयुष्यभर राहते. संकटात सापडलेला मनुष्य आजची निकड भागविण्यासाठी उद्याचे उत्पन्न असे स्वस्तात विकून टाकतो.

२०२५ च्या आरंभी निवृत्त कामगाराला मिळणारे शासकीय वेतन सरासरी सुमारे १,९७६ डॉलर होते. अनेक मोठ्या शहरांत लहानशा सदनिकेचे भाडेच त्यातील निम्म्याहून अधिक भाग खाऊन टाकते. सरासरीच्या खाली असणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. हे वेतन मिळण्यासाठी साधारणतः दहा वर्षांची नोंदलेली कमाई लागते आणि ते त्या कमाईच्या प्रमाणात ठरते. मुलांचे संगोपन आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यात गेलेल्या वर्षांची नोंद या हिशेबात शून्य अशीच होते. घटस्फोटितेला पूर्वीच्या पतीच्या नोंदीवर हक्क सांगता येतो, पण त्यासाठी विवाह किमान दहा वर्षे टिकलेला असावा लागतो. व्हॅनमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया इतक्या का भेटतात, याचा उलगडा या नियमांत आहे. भाडे हा खर्चातील सर्वांत मोठा आकडा असेल, तर तो पुसून टाकणे हाच बचतीचा एकमेव मार्ग उरतो. आणि तो आकडा पुसण्याचे साधन म्हणजे चार चाके.

हंगामी हात

अपुऱ्या वेतनाची भरपाई करण्यासाठी या वर्गाला काम करावे लागते आणि गाडीमुळे ते काम जेथे असेल तेथे जाता येते. उन्हाळ्यात जंगलातील तळांवर व्यवस्थापकाचे काम असते. शुल्क गोळा करणे, शेगोट्यांतील राख काढणे, शौचालये धुणे हे त्याचे स्वरूप. ऑक्टोबरमध्ये मिनेसोटा आणि उत्तर डकोटा यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीटाचा हंगाम येतो. तेथे दिवसरात्र बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि मोटारघरवाल्यांची खास भरती होते. नाताळपूर्वीच्या गर्दीसाठी 'ॲमेझॉन' कंपनीने २००८ मध्ये कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल येथून अशाच लोकांची हंगामी भरती सुरू केली होती. 'कॅम्परफोर्स' असे त्या योजनेचे नाव होते. तळाचे भाडे कंपनी भरत असे. सत्तरीतली माणसे गुदामात रात्रपाळीत मैलोन्‌मैल चालत असत. ही योजना नंतर बंद झाली. पत्रकार जेसिका ब्रुडर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नोमॅडलँड' या पुस्तकात या जीवनाची नोंद केली. क्लोई झाओ यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि हा विषय जगभर पोहोचला.

मालकाच्या बाजूने पाहता हा कामगार आदर्श ठरतो. त्याच्यासाठी निवारा बांधावा लागत नाही, कारण तो स्वतःचे घर घेऊन येतो. पासष्टी उलटलेली असेल तर आरोग्यविम्याचा भारही शासनच उचलते. शिस्त आणि अनुभव आयता मिळतो; हंगाम संपताच तो आपण होऊन निघून जातो, त्यामुळे संघटना होण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मराठी वाचकाला येथे ऊसतोड कामगारांची आठवण होणे स्वाभाविक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून कोयता घेऊन निघणारी जोडपी साखर कारखान्याच्या परिसरात कोपी उभारतात आणि पट्टा पडला की परततात. एकीकडे ऊस, दुसरीकडे बीट. साखरेच्या धंद्याला दोन्हीकडे असे मजूर लागतात, ज्यांच्या घराची जबाबदारी कोणावर नसते. मात्र बीटाच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या वृद्धाच्या खात्यात दरमहा एक ठराविक रक्कम जमा होत असते. ती अपुरी असली तरी तिच्यामुळे त्याला काम नाकारण्याची थोडीफार मुभा राहते. ऊसतोड करणाऱ्या म्हाताऱ्याला तेवढीही मुभा नाही.

पत्ता हवाच

फिरत्या घरात राहणाऱ्याला सर्वांत मोठी अडचण येते ती पत्त्याची. आधुनिक शासनव्यवस्था पत्त्यावर चालते. वाहन चालविण्याचा परवाना, मतदान, कर, विमा आणि बँकेतील खाते या साऱ्यांना एक स्थिर ठिकाण लागते. या अडचणीतून एक सेवाव्यवसायच निर्माण झाला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या मोटारघरवाल्यांच्या संघटनेचे केंद्र टेक्सास राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे आहे. हजारो सभासद कागदोपत्री त्या लहान गावाचे रहिवासी असतात. त्यांची टपाल तेथे येते आणि ते जेथे असतील तेथे पुढे धाडली जाते. टेक्सास, फ्लोरिडा व दक्षिण डकोटा या तीन राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नसल्यामुळे पत्त्यासाठी त्यांना विशेष पसंती मिळते.

परंतु कागदावरचा रहिवासी खरा रहिवासी मानावा काय, हा वाद मिटलेला नाही. लिव्हिंग्स्टनच्या मतदारयादीतील अशा हजारो नोंदींना २००० साली न्यायालयात आव्हान दिले गेले होते. दक्षिण डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाच्या पावतीवर वाहनपरवाना मिळण्याची सोय प्रसिद्ध आहे. पण २०२३ मध्ये त्या राज्याने मतदार नोंदणीसाठी ३० दिवसांच्या प्रत्यक्ष वास्तव्याची अट घातली. स्थानिकांची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण ज्याला गावाच्या शाळेचा वा रस्त्याचा उपयोग नाही, त्याने गावाचा कारभार का ठरवावा? तरीपण मतदानाचा हक्क घराच्या पायाला बांधून टाकला, तर ज्यांचे घर गेले त्यांचा आवाजही जातो. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी झोपण्यास मनाई करणारे नियम वैध ठरविले. अनेक शहरांत वाहनात रात्र काढण्यावर आधीच बंदी आहे. बसगाडीएवढ्या मोटारघराला पर्यटक म्हणून पायघड्या आणि जुन्या व्हॅनला रात्री दोन वाजता काचेवर टकटक, असा व्यवहार यातून घडतो.

महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांना हा अनुभव नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाल टाकून राहणाऱ्यांना शिधापत्रिकेसाठी रहिवासाचा दाखला मागितला जातो आणि तो नसल्यामुळे शिधाही नाकारला जातो. भटकंतीला जग प्रतिष्ठा देते ते भटकणाऱ्याच्या खिशाकडे पाहून, हे सत्य क्वार्टझसाइटच्या माळावर आणि मराठवाड्यातील पालावर सारखेच लागू पडते.

चाके थांबतात तेव्हा

मोटारघरातील निवृत्तीचा सर्वांत अवघड प्रश्न प्रवासाच्या शेवटी उभा राहतो. नजर अधू होते, हात कापू लागतात, जोडीदार जातो. गाडी चालविणे अशक्य होते. त्या वेळी राहायचे कोठे? घर विकून निघालेल्याची खरी कसोटी येथे लागते. घराची किंमत दीर्घकाळात बहुधा वाढते. मोटारघराची पहिल्या दिवसापासून घटते. दहा-बारा वर्षांनी परत येऊन गाडी विकली, तर त्या पैशांत पूर्वीच्या घराचा व्हरांडाही येत नाही. बाजाराची लाट चुकली तर नुकसान अधिकच होते. साथीच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकेतील कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक नव्या आर. व्ही. बाजारात आणल्या; २०२३ मध्ये ही संख्या सुमारे तीन लाख तेरा हजारांवर आली. चढ्या बाजारात घेतलेली गाडी उतरत्या बाजारात विकणाऱ्याला काय भाव मिळतो, हे वेगळे सांगावयास नको. घर विकण्याचा निर्णय एका स्वाक्षरीने होतो. तो परत फिरविणे वृद्धाच्या आवाक्यात राहत नाही.

आरोग्याचा हिशेबही असाच आहे. मूळ मेडिकेअर योजना देशभर चालते. परंतु तिच्या जागी खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या योजनांपैकी पुष्कळ योजना विशिष्ट प्रदेशातील डॉक्टरांपुरत्या मर्यादित असतात. फिरणाऱ्याला म्हणून अधिक खर्चाचा मार्ग स्वीकारावा लागतो. शिवाय दीर्घकाळच्या शुश्रूषेचा, म्हणजे अंघोळ घालणे, भरविणे, उठविणे-बसविणे यांचा खर्च मेडिकेअर सामान्यतः देत नाही. लिव्हिंग्स्टनच्या संघटनेने यावर आपल्यापुरता एक उपाय काढला. तेथील शुश्रूषा केंद्राच्या आवारात वृद्ध सभासद आपले मोटारघर कायमचे उभे करतात, त्यातच राहतात आणि जेवण, देखभाल व डॉक्टरांकडे ने-आण या सोयी केंद्राकडून घेतात. परस्परसाहाय्याचा हा प्रयोग कौतुकास्पद खराच. परंतु तो सर्वांना पुरा पडणारा नाही. चाकांवर निघालेल्यालाही अखेर एक अंगण, शेजारी आणि हाक मारल्यावर येणारे माणूस लागते, एवढे मात्र त्यातून सिद्ध होते.

आपल्या विचारासाठी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. उद्या सह्याद्रीच्या घाटांतून आणि कोकणच्या किनाऱ्याने मोटारघरे धावू लागली, तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु अमेरिकेच्या अनुभवातून घ्यावयाचा धडा पर्यटनाचा नाही. निवृत्तिवेतनाची निश्चित हमी काढून घेऊन तिच्या जागी बाजाराशी जोडलेली बचत ठेवण्याचा मार्ग भारतानेही चोखाळला आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना जुनी योजना बंद झाली. तिच्या पुनःस्थापनेसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये संप केला. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेचा पर्याय दिला. त्यात २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांतील सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. हमी पूर्णपणे काढून घेणे समाजाला मानवत नाही, याचीच ही कबुली होय.

जुन्या योजनेचा बोजा राज्यांच्या तिजोरीला पेलणारा नाही, असे अर्थतज्ज्ञ सांगतात आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेतही सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिनिधीतील शिल्लक २०३३ पर्यंत संपेल आणि त्यानंतर चालू उत्पन्नातून ठरलेल्या वेतनाचा सुमारे ७७ टक्के भागच देता येईल, असा अंदाज विश्वस्तांनी २०२५ च्या अहवालात दिला आहे. परंतु बोजा तिजोरीवरून उतरविला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो कोणत्या ना कोणत्या घरावर जाऊन पडतो. आपल्याकडे शासकीय नोकरांच्या मागण्या निदान ऐकू तरी येतात. खासगी क्षेत्रातील कामगारांसाठी असलेल्या १९९५ च्या योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले होते. आणि असंघटित कामगार तर या हिशेबात बसतच नाहीत. त्यांच्या वार्धक्याचा विमा आजवर कुटुंबाने उतरविला. मुले पुण्या-मुंबईस, बंगळुरास किंवा परदेशी गेल्यावर तो किती काळ टिकेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

म्हणून क्वार्टझसाइटच्या माळाकडे कुतूहलाने किंवा कीव करून पाहण्यापेक्षा हिशेबी नजरेने पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. निश्चित उत्पन्न, सर्वत्र चालणारा आरोग्यविमा आणि परतण्यासाठी एखादे ठिकाण या तीन गोष्टी असतील, तर सत्तरीतही रस्ता आनंदाचा होऊ शकतो. त्या नसतील, तर तीच गाडी निर्वासिताचे बिऱ्हाड होते. म्हाताऱ्या माणसाने देशाटनास निघावे की ओटीवर बसून नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ते ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती राहील एवढी तजवीज करून ठेवणे हे समाजाचे काम आहे, आणि ती तजवीज माणसे म्हातारी होण्यापूर्वीच करावी लागते.